नाडी

संध्याकाळचे पाच वाजले
की परकराची नाडी टोचायला लागते.
सकाळी याच गाठीत
दोन बोटं सहज जात होती.
आता पोट वर आलंय
तेलात सोडलेल्या पुरीसारखं,
आणि पुरीसारखंच आत काही नाही.

शिपाई बंडा आवळेची बायको डबा द्यायला आली,
काउंटरवर वाकून हळूच म्हणाली,
"वहिनी, काय गोड बातमी?"
मला त्रेचाळीसावं चालू आहे,
धाकटा दहावीला.
मी हसले,
आणि सांगायचं होतं ते गिळलं.

सासूबाई म्हणतात ओवा चाव.
शेजारच्या कुसाबाई बेंबीभोवती हिंग लावून गेल्या,
दोन दिवस पतसंस्थेत माझ्या आधी वास पोचायचा.
मी खापर फोडलं मिसळीवर.
आधी कट सोडला, मग फरसाण,
मग रविवारचा पांढरा रस्सासुद्धा.
दीर म्हणाला, "मग पुण्यालाच बदली घ्या की!"
महिनाभर मुगाची खिचडी,
ताटात पिवळा, मुका डोंगर.
तरी शनिवारी, चेअरमनसाहेब येतात त्या दिवशी,
नाडी टोचायची ती टोचलीच.

राजारामपुरीत आठव्या गल्लीला
डॉक्टर इंगवलेबाईंनी नाडी धरली,
ती दुसरी, मनगटाची.
"काय खाता?"
मी यादी म्हणून दाखवली.
"ते नव्हे. कसं खाता?"

कसं म्हणजे?
चार वाजता, खिडकी बंद झाल्यावर,
उभ्यानं.
एका हातात पाव, एका हातात रोजकीर्द.
दोन पाव, पाच घास.

बाई म्हणाल्या, "निम्मी तर हवाच आहे आत.
घाईत घास गिळता, त्याच्याबरोबर ती जाते.
आणि जीव धास्तावला की पोट हात आखडतं,
पुढचं पुढं जात नाही, तिथंच फुगत बसतं.
पाव कमी करा. कच्चा कांदा नको.
घास बत्तीस वेळा चावा."
मग चष्मा काढून म्हणाल्या,
"धास्ती कशाची आहे?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिले.

दिवाळीपासून तिजोरीत
अडीच लाख कमी आहेत.
वहीत आहेत.
वहीत माझ्याच अक्षरात आहेत, रोज, सहीसकट.
साहेब म्हणाले होते, "मार्चपर्यंत येतात.
तोवर पोटात ठेवा."
इतक्या सहज म्हणाले,
जणू माझं पोट म्हणजे
संस्थेची दुसरी तिजोरी.

गुरुवारी नोटा मोजल्या.
पुन्हा मोजल्या.
हातची शिल्लक, जेवढी होती तेवढी लिहिली.
आकडा केवढासा दिसत होता.
वही साहेबांच्या टेबलावर उघडी ठेवली,
वर पेपरवेट,
आणि चालत निघाले.
गंगावेशीत म्हशी उभ्या होत्या,
धारोष्ण दुधाचे पेले हातोहात जात होते.
मला दूध सोसत नाही.
नुसती उभी राहिले, त्या फेसाच्या वासात,
बऱ्याच दिवसांनी कुठंतरी
काही न गिळता.

घरी आल्यावर नाडी सोडून पुन्हा बांधली, सैल.
कमरेभोवती लाल वळ होता,
बोट फिरवलं तर दोरीचा पीळसुद्धा कळत होता.
पाटावर बसले. भाकरी, दोडक्याची भाजी,
आणि कांद्याची एक फोड घेतलीच.
रात्री फुगेल थोडं.
फुगू दे.
तेवढं कांद्याचं असेल.

पहिला घास तोंडात होता
तेव्हा फोन वाजला.
पोरगा म्हणाला, "आई, चेअरमन."
मी हातानंच थांब म्हटलं.
कॅशियर आहे मी, मध्येच मोजणं सोडत नाही.
सतरा.
फोन वाजत होता.
अठरा, एकोणीस.
भाकरी गोड लागायला लागली होती.
वीस.